मागच्या झुडपातले छत्तीस पक्षी

४ फेब्रुवारी

ताई,

मी खोटं बोलतच नाही असं नाही, पण या वेळी बोललो नव्हतो, आणि तू ते पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवायला नको होतंस. "पक्ष्यांसाठी झाडं तोडायचा पगार मिळतो म्हणे, याला तरी कुणी बनवलंय नाहीतर हा आपल्याला बनवतोय," असं लिहिलंस. वर बाबांचं वाक्य जोडलंस, की बेकरीत होता तेव्हाही याने असंच काहीतरी सांगितलं होतं. बेकरीचा विषय संपलेला आहे. ती भट्टी माझ्यामुळे विझली नव्हती.

आता नीट वाच, आणि वाचताना मशीन बंद ठेव. या टेकडीवर पूर्वी नुसती काटेरी झुडपं होती, कमरेएवढी, फार तर डोक्याएवढी. तीस वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं की जागा ओसाड दिसते. त्याने उंच सरळ झाडं लावली, वहीतल्या रेघांसारखी. झाडं वाढली, खाली सावली पडली, झुडपं मेली आणि झुडपात राहणारे पक्षी निघून गेले. त्यांना उंच झाड नको असतं. त्यांना खाली, काट्यांच्या आत, कुणाचा हात पोचणार नाही अशी जागा लागते. म्हणून आम्ही आता ती झाडं काढतो, माजलेलं तण उपटतो आणि खड्डे करून परत काटे लावतो. कामाचं हे तिसरं वर्ष, त्यातले सात महिने माझे. माझे हात बघितलेस तर खोटारडा म्हणायची नाहीस. मी तीन महिनेही टिकणार नाही असं कोण म्हणालं होतं तेही आठव.

मुद्दा वेगळा आहे. इथे एक बाई आहेत, त्या पक्ष्यांचा अभ्यास करतात. रोज सकाळी सातला झेंडी लावलेल्या जागी दहा मिनिटं गप्प उभं राहायचं, जेवढे पक्षी दिसतील आणि ऐकू येतील तेवढे वहीत लिहायचे. त्यांना एक मोजणीस हवाय. कायमचा, पगार दीडपट, खड्डे नाहीत. मुकादम म्हणतो, याला दहा मिनिटं उभं करायचं तर खुंटाला बांधावं लागेल. मुकादमाला त्याच्या मेव्हण्याला चिकटवायचंय.

बाईंचं एक अडलंय. कधीच न तोडलेल्या जुन्या झुडपात किती पक्षी असतात, हे त्यांना ताडून बघायचंय आणि असं झुडूप या भागात उरलेलंच नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, की आमच्या घरामागे आहे, आजोबांच्या वेळेपासूनचं, आणि त्याच्यासमोरच्या खिडकीत माझी बहीण दिवसभर शिवत बसते. बाईंनी तिकडचा पाऊस विचारला, माती विचारली, आणि चालेल म्हणाल्या.

तेव्हा रोज सकाळी सात वाजता, दहा मिनिटं. नुसता आकडा लिहायचा. आणि मागच्या पत्रात तू शिवणाच्या खोलीचं म्हणत होतीस, ती त्या झुडपांच्या जागी नको. आकडे नीट आले तर ती नोकरी माझी, असं बाई म्हणाल्या. म्हणजे जवळजवळ म्हणाल्या. एका फांदीलाही हात लावू नका.

फोन करू नकोस, टेकडीवर लागत नाही. पत्रं शनिवारी सामानाच्या गाडीतून येतात.

तुझा धाकटा


१४ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र मंगळवारी आलं. आदल्या शनिवारी आलं असतं तर फार बरं झालं असतं. असो.

बाबा म्हणतात भट्टी तुझ्यामुळेच विझली. मी मध्ये पडत नाही.

इकडे शाळेच्या गणवेशांची ऑर्डर मिळाली. दोनशे दहा, तीन महिन्यांत द्यायचे. आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं काम आलंय आणि कापड ठेवायला जागा नाही. स्वयंपाकघरात गठ्ठे, जिन्यात गठ्ठे. बाबा सध्या निळ्या कापडावर झोपतात आणि सकाळी निळे उठतात. पुढच्या महिनाअखेर शाळेची माणसं बघायला येणार आहेत, नीट खोली दिसली नाही तर ऑर्डर चौकातल्या टेलरकडे. तो आत्तापासूनच मला बघून मान हलवतो.

पण तुझ्या कामाच्या आड मी येणार नाही. मोजते. या आठवड्याचे घे: ३२, ३६, ३४, ३८, ३४, ४०. रविवारी मोजले नाहीत, रविवारी मी सुई धरत नाही.

हल्ली मागच्या बाजूने उजेड छान येतो. दोरा ओवायला चष्मा लागत नाही. बाबांच्या दोन्ही हातांना काटे लागलेत, पण ते काही काळजी करण्यासारखं नाही.

ताई


१ मार्च

ताई,

तू कमाल केलीस. मी आकडे बाईंच्या हातात दिले तर त्या खुर्चीवर बसल्या. खुर्ची तिथे नव्हती, त्या खोक्यावर बसल्या, पण बसल्या हे खरं. आमच्याकडे सगळ्यात चांगल्या झेंडीला नऊ पक्षी लागतात. तुमच्याकडे चाळीस! बाईंनी माझा हात हातात घेऊन हलवला आणि मुकादम बाजूला उभा राहून हे सगळं बघत होता. त्या दिवशी त्याने मला सगळ्यात दगडाळ जागेत खड्डे दिले. मी गाणं म्हणत खणले.

उजेड छान येतो म्हणालीस तेही सांगितलं. बाई म्हणाल्या, उजेड असला की मोजणी अचूक होते. बाबांना म्हण, फळं खायला झुडपात शिरू नका, पक्षी बिचकतात.

आता एक कर. नुसता आकडा पुरत नाही म्हणतात. कुठल्या रंगाचे, कसे दिसतात, तेही थोडं लिही. नावं माहीत नसली तरी चालेल. आम्हालाही माहीत नव्हती, आम्हीच ठेवली. एक बारका करडा आहे, तो आजारी माणसासारखा आवाज काढतो, त्याला आम्ही खोकल्या म्हणतो. बाईंनीही वहीत कंसात खोकल्या लिहिलंय.

मी दहा मिनिटं उभं राहायचा सराव करतोय. काल साडेचार झाली.

धाकटा


१२ मार्च

धाकट्या,

रंग विचारलेस, घे. एक हिरव्या अंगाचा आहे, बाह्या पिवळ्या. एक निळा, गळा गोल, मागून जरा खोल. एकाच्या छातीवर बारीक ठिपके आहेत, छान दिसतो, पण धुतल्यावर आटेल असं मला वाटतं. धुतल्यावर म्हणजे पावसात. एक पांढरा फार पातळ आहे, त्याला अस्तर हवं होतं. पण ते ज्याचं त्याने बघावं.

या आठवड्याचे: ३६, ३४, ४६, ३८, ३६, ३२. बुधवारी ४६. दारातून आत येताना जरा अडचण झाली. म्हणजे गर्दी झाली.

मला इतके प्रश्न विचारत जाऊ नकोस. गणवेशांच्या कॉलर बाकी आहेत.

बाबा तुला विचारतात, तोडलेलं झुडूप परत किती दिवसांत येतं? सहज विचारतात.

ताई


२७ मार्च

ताई,

बाबांना सांग, दिवसांत नाही, वर्षांत. आणि मूळ शाबूत असेल तरच. इथे पहिल्या वर्षी झाडं काढली तेव्हा होते तेही पक्षी गेले. लोक बाईंना हसले म्हणे. दुसऱ्या वर्षी झुडूप गुडघ्याएवढं झालं आणि दोन-चार जण डोकावून गेले. आता कमरेला लागलंय तर चांगल्या झेंडीला नऊ झालेत. हे मला बाईंनी सांगितलं आणि मी एवढ्यांदा इतरांना सांगितलंय की आता मुकादमही झोपेत तेच बडबडतो.

तुझ्या आकड्यांचा बाईंनी कागदावर आलेख काढला. मग बराच वेळ पेन्सिल चावत बसल्या. त्यांना दोन गोष्टी कळत नाहीत. एक, बुधवारी असं काय झालं? दुसरी, सगळे आकडे समच कसे? एकदाही पस्तीस नाही, सदतीस नाही.

मी म्हटलं, बाई, आमच्याकडचे पक्षी संसारी आहेत. एकटा कुणी फिरत नाही. जोडीने येतात, जोडीने जातात, मग आकडा समच येणार. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आणि बाह्या?" मी म्हटलं, पंखांना आमच्याकडे बाह्या म्हणतात. अस्तराचं मी सोडून दिलं, मलाही नीट कळलं नव्हतं.

तर ऐक. बाईंनी वीस वर्षांत असं झुडूप बघितलेलं नाही. त्या स्वतः येताहेत, २० एप्रिलला. शहरात त्यांची मीटिंग आहे, तिथून एका दिवसासाठी तुमच्याकडे. सकाळी सातला खिडकीत उभ्या राहणार. ते झालं की मोजणीस कोण हे ठरणार, आणि तोपर्यंत वही माझ्याकडे दिली आहे. माझ्याकडे, ताई. मी ती उशाखाली ठेवतो.

घर आवरून ठेव. बाबांना सांग, निळे राहू नका.

आणखी एक. काल मी दहा मिनिटं उभा राहिलो. सहाव्या मिनिटाला बुटात मुंगी गेली. तरी हललो नाही. आठव्या मिनिटाला खोकल्या आला आणि हातभर अंतरावरच्या झुडपात शिरला. ते मी स्वतः लावलेलं आहे.

धाकटा


६ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र एकटा असताना वाच आणि आधी बसून घे. खोक्यावर बैस.

मागे झुडूप नाही. आम्ही ते तोडलं. तुझं पत्र मंगळवारी आलं, बाबांनी आणि मी आदल्या रविवारी तोडलं होतं, खोलीसाठी. पायाचे खड्डेही खणले होते, खोली दहा बाय बारा. तू लिहिलंस की त्या झुडपावर तुझी नोकरी ठरणार, आणि मला तोंड उघडवेना. वाटलं, दोन आठवडे काहीतरी आकडे कळवू, मग विसरतील. मी कुठून आकडे आणू? समोर मापांची वही होती. त्या दिवशी ज्यांचं माप घेतलं त्यांची छाती लिहिली. माप मी नेहमी वरच्या सम आकड्यावर घेते, शिवणीत दाब म्हणजे जादा कापड ठेवायला, म्हणून सगळे सम. हिरवा पिवळ्या बाह्यांचा म्हणजे वाचनालयातल्या मुलीचा ड्रेस. बुधवारी ४६ आले ते पक्षी नव्हते, ती आपली मोठी काकू होती. तिला हे कधीही कळता कामा नये.

तू माझ्या आकड्यांना संसारी म्हणालास तेव्हा मी हसले आणि मग रडले आणि कॉलर उलटी शिवली.

बाईंच्या येण्याचं वाचून बाबा उठले आणि म्हणाले, दहा मिनिटांचाच प्रश्न आहे ना, उभं करू. तोडलेल्या फांद्यांचा ढीग कुंपणाशी पडला होता. आम्ही दोघं तीन दिवस त्या फांद्या परत जमिनीत रोवतोय. दांड्यांना बांधतोय, गणवेशाच्या दोऱ्याने, म्हणजे लांबून निळ्या वेलीसारखं वाटतं. वाळलेलं दिसू नये म्हणून बाबांनी रोज दोन बादल्या पाणी घालायला सुरुवात केलीय. मी म्हटलं, बाबा, ते मेलंय. बाबा म्हणाले, बाईंना ते माहीत नाही. परवा थोडा वारा आला आणि सगळं झुडूप एकदम आडवं झालं, बाबांसकट. ते मागे बसून पक्ष्यांच्या शिट्टीचा सराव करत होते. शिट्टी ऐकून अजून पक्षी एकही आलेला नाही. शेजारचा कुत्रा मात्र येतो, दिवसातून चारदा, आणि बाबांच्या समोर बसून राहतो.

आता खरं ते सांगते. काल सकाळी बाबांना काटा काढून देत होते तेव्हा कुंपणाशी उरलेल्या ढिगात काहीतरी हललं. बारीक, मातकट, शेपटी उभी. एक आत गेला, मग दुसरा, मग तिसरा. रोवलेल्या झुडपाकडे त्यांनी ढुंकून बघितलं नाही. मी सात वाजेपर्यंत थांबले आणि दहा मिनिटं उभी राहिले. तीन. जोडी नाही, तीन. हा आकडा मी कुणाच्या अंगावरून घेतलेला नाही.

खोलीचे खड्डे मी बुजवून टाकते. शाळेची माणसं येऊन गेली, खोली नाही म्हणून तोंड वाकडं केलं. मी मे महिन्यापर्यंत मुदत मागून घेतलीय, पण आता नकोच. चौकातल्या टेलरला देऊ देत. तुझं एकदाचं कुठेतरी बसतंय, ते माझ्यामुळे बुडायला नको. बाईंना काय सांगायचं ते तू ठरव. ४६ चं मी खूप वाईट वाटून घेतलंय.

ताई


१६ एप्रिल

ताई,

पत्र शनिवारी मिळालं. खोका जवळ नव्हता, म्हणून खड्ड्यात बसलो. अर्धा दिवस तुझ्यावर भयंकर चिडलो होतो. खणताना तुझं नाव घेऊन कुदळ मारत होतो आणि त्या दिवशी माझे नेहमीपेक्षा नऊ खड्डे जास्त झाले. मुकादम म्हणाला, याला रोज घरून पत्र यायला पाहिजे.

संध्याकाळी वही घेऊन बाईंकडे गेलो. सगळं सांगितलं. छातीचं, दाबाचं, बाह्यांचं, बाबा आडवे झाल्याचं. मधे थांबलो असतो तर परत बोलता आलं नसतं, म्हणून कुत्र्याचंही सांगून टाकलं.  बाईंनी एकच विचारलं, "सेहेचाळीस कोण?" मी म्हटलं, ते सांगायची परवानगी नाही. मग त्या तंबूबाहेर गेल्या. मला वाटलं रडताहेत. त्यांचे खांदे हलत होते. आत आल्यावर कळलं की हसत होत्या, पण आत आल्या तेव्हा चेहरा कडक होता.

त्यांनी लाल पेन्सिलीने तुझे सगळे आकडे खोडले. मलाही बोलल्या, बरंच बोलल्या. एक खोटा आकडा वहीत गेला की शेजारचे खरे आकडेही उभे राहत नाहीत, म्हणाल्या. मग वही माझ्याकडून काढून घेतली. मोजणीस म्हणून मुकादमाचा मेव्हणा लागला. तो सोमवारी सकाळी सातला झेंडीपाशी उभा राहिला आणि उभ्याने झोपला. पण तो काही खोटं लिहीत नाही, कारण काही लिहीतच नाही.

आता तुझं. तुझ्या सगळ्या कागदांतला एकच आकडा बाईंनी नव्या पानावर उतरवला, तो तीनचा. त्या म्हणाल्या, रोवलेलं उपटून टाका, बाबांना बादल्या बंद करायला सांगा, पण तो ढीग हलवू नका. तोडलेल्या काट्यांचा ढीग कोपऱ्यात पडून राहिला की झुडपातले पक्षी तात्पुरतं त्यात राहतात, आणि तेवढ्यात खालची मुळं फुटतात. तुम्ही खणून काढली नसतील तर फुटतीलच. जुन्या झुडपाचा आकडा आता मिळायचा नाही, पण तोडलेलं झुडूप परत येताना पहिल्या दिवसापासून कुणी मोजलेलं नाही, आमच्या इथेही नाही. ते तुला मोजायचं असेल तर मोज. महिन्याला थोडे पैसे देतील, फार नाहीत. शून्य आलं तर शून्य लिहायचं. रविवारीही. २० तारखेला त्या येणार नाहीत, पाऊस संपला की येतील, न कळवता. हे त्यांनी मला मुद्दाम दोनदा ऐकवलं.

खड्डे बुजवू नकोस. खोली बांध. मी इथे जमिनीवर काडीने आखून बघितलं. दहा बाय बाराची दहा बाय आठ केलीस आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला लावून घेतलीस, तर कुंपणाकडची सगळी पट्टी मोकळी राहते, ढीग आणि तोडलेल्या झुडपांचे खुंट जागच्या जागी. कापड वर माळ्यावर टाक. मशीन खिडकीशी ठेवलंस तर ढीग समोरच येतो. मुदत मेपर्यंत आहे ना, मग गवंड्याला उद्याच बोलाव. चौकातल्या टेलरला मान हलवू दे.

आता एक सांगतो, ते बाबांना वाचून दाखवू नकोस. कुठल्याही कामावर लागलो की पहिल्या पगारातून मी पळून जायचं भाडं बाजूला काढतो. स्टँडवर जाऊन पहिली दिसेल ती गाडी पकडता यावी एवढं. दर महिन्याला त्यात थोडी भर टाकतो, म्हणजे लांबची गाडीही परवडते. मेव्हण्याला वही मिळाली त्या रात्री मी ते काढून मोजलं आणि सकाळी बॅग भरली. निघताना मी लावलेल्या रांगेवरून जावं लागतं. दोनशे बाराव्या खड्ड्यातल्या झुडपात खोकल्याने घरटं केलंय. आत चार अंडी. मी वाकून बघितलं तर आई अंगावर आली, एवढीशी, माझ्या अंगठ्याएवढी, आणि मला तीन पावलं मागे हटवलं. बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, या टेकडीवरचं तीस वर्षांतलं पहिलं. म्हणाल्या, पिल्लं उडेपर्यंत लांबून कुणीतरी राखण करायला हवी, कामाच्या वेळेनंतर, फुकट. मी हो म्हणून बसलोय. अंडी फुटायला बारा दिवस, उडायला आणखी तेवढेच. नंतर ती दुसऱ्यांदा घालते म्हणे. म्हणजे मला इथून हलता येत नाही.

तेव्हा भाड्याचे पैसे नुसते पडून राहणार. खोलीच्या पत्र्यांना तेवढ्यात होईल असं वाटतं, कमी पडले तर दोन पत्रे जुने घे. सामानाच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे पाकीट देतोय, तो घरी आणून देईल, त्याच्यासमोर मोजून घे: चार हजार सातशे तीस.

धाकटा